हुकमाचा एक्का हातचा द्यावा का?

१९७७ सालच्या जून महिन्याच्या १५ तारखेस रात्री न्यूयॉर्कच्या ‘मेट्स’ ह्या बेसबॉल संघाने टॉम सीव्हर हा आपला सर्वश्रेष्ठ खेळाडू सिनसिनाटीच्या ‘रेड्स’ संघास देऊन टाकला आणि त्याच्या मोबदल्यात चार तरुण खेळाडू घेतले. त्या काळच्या नियमाप्रमाणे मोसम चालू असताना खेळाडूंची मोकळेपणाने अदलाबदल करण्याची मुदत त्याच मध्यरात्री संपत असे. दुसऱ्या दिवशी सीव्हर आपले सामान आवरण्यासाठी मैदानावर आला. वार्ताहरांनी त्याला गराडा घातला. परंतु प्रेक्षकांविषयी दोन शब्द बोलण्याची वेळ आली तेव्हा त्याचा कंठ दाटून आला, आणि जे सांगावयाचे होते ते अखेर त्याला एका वार्ताहराच्या वहीत लिहून द्यावे लागले. न्यूयॉर्कमधील लोक त्या रात्रीला अद्यापि ‘मध्यरात्रीची कत्तल’ ह्या नावाने ओळखतात.

ह्या गोष्टीला आता अर्धशतक होत आले. नामांकित पिचर आपल्यापाशीच ठेवावा, की भाव आहे तोवर दुसऱ्याच्या हवाली करून त्याच्या मोबदल्यात उद्याचा संघ उभारावा, हा प्रश्न बेसबॉलमध्ये दरवर्षी कोठल्या ना कोठल्या शहरात उभा राहतो, आणि तो उभा राहिला म्हणजे सीव्हरचे नाव निघाल्याखेरीज राहत नाही. प्रश्न वरवर हिशेबाचा दिसतो. एका बाजूस एक माणूस, दुसऱ्या बाजूस तीनचार माणसे. वजन कोणाचे अधिक ते पाहावे आणि व्यवहार करावा, इतके ते सोपे वाटते. पण हा हिशेब करणाऱ्यांत अनेक चतुर माणसे फसली आहेत. ती का फसली हे समजण्यासाठी आधी पिचर म्हणजे कोण, हे पाहिले पाहिजे.

पिचर हा क्रिकेटमधील गोलंदाजाचा दूरचा भाऊबंद. मैदानात मातीचा एक लहानसा उंचवटा असतो. त्यावर उभा राहून ६० फूट ६ इंच अंतरावरील फलंदाजाकडे तो चेंडू फेकतो. चेंडूचा टप्पा पडत नाही, तो हवेतूनच वळतो, बुडतो किंवा सरळ सणसणत जातो. प्रत्येक बाजूस नऊ लहान डाव मिळतात व तीन गडी बाद झाले की डाव संपतो. क्रिकेटचा कर्णधार एका षटकानंतर गोलंदाज बदलतो, थकलेल्यास विसावा देतो आणि तासाभराने त्यालाच पुन्हा बोलावतो. बेसबॉलमध्ये ही सोय नाही. एकदा उंचवट्यावर चढलेला पिचर प्रत्येक चेंडू स्वतःच टाकतो आणि एकदा त्याला उतरविले, म्हणजे त्या दिवशी त्याला पुन्हा खेळता येत नाही. त्यामुळे त्याच्या हाताला त्या दिवशी जादू असली तर प्रतिपक्षाचे मातबर फलंदाजही लाकडी बाहुल्यांसारखे उभे राहतात. सामना जिंकला तर तो विजय पिचरच्या नावावर मांडण्याची प्रथा त्या खेळात रूढ झाली, ती उगाच नव्हे.

परंतु हाच पराक्रमी पुरुष पुढचे चार दिवस कट्ट्यावर बसून असतो. मोसमात सामने १६२, आणि त्यांपैकी जेमतेम ३५ सामन्यांची सुरुवात त्याच्या हातून होते. चांगला फलंदाज रोज उपयोगी पडतो. चांगला पिचर पाचव्या दिवशी राजा असतो आणि एरवी प्रेक्षक. शिवाय त्याचे सारे ऐश्वर्य एका कोपरावर आणि एका खांद्यावर अवलंबून असते. डोक्यावरून इतक्या वेगाने चेंडू फेकणे हे मानवी हाताच्या ठेवणीला मानवणारे काम नाही. कोपराच्या आतल्या बाजूचा अस्थिबंध एके दिवशी तुटतो आणि वैभव संपते. १९७४ साली डॉक्टर फ्रँक जोब ह्यांनी लॉस एंजल्सच्या टॉमी जॉन नावाच्या पिचरच्या दुसऱ्या हातातील स्नायुबंध काढून तो दुखावलेल्या कोपरात बसविला, तोवर ह्या दुखापतीवर उपायच नव्हता. आता उपाय आहे. पण त्यात वर्ष-सव्वा वर्ष जाते, आणि परतलेला हात पूर्वीसारखाच असेल अशी हमी कोणी देत नाही. तेव्हा नामांकित पिचर बाळगणे म्हणजे काचेच्या पेटीत घर बांधण्यासारखे आहे, असे क्लबांच्या चालकांना वाटत आले असल्यास नवल नाही.

पूर्वी मात्र ह्या चालकांच्या मनात दुसरी एक भीती नव्हती, ती म्हणजे खेळाडू आपण होऊन निघून जाण्याची. १८७९ साली मालकांनी आपसांत एक राखीव कलम ठरविले आणि ते पुढे प्रत्येक खेळाडूच्या करारात येऊन बसले. करार वर्षाचा असे. परंतु ह्या कलमाच्या जोरावर क्लब तो दरवर्षी पुढे चालवी, आणि खेळाडू जन्मभर त्या क्लबाचा राही. क्लबाला वाटले तर त्याने ठेवावे, वाटले तर विकावे. फिलाडेल्फियाच्या ‘फिलीज’ संघाचा ग्रोव्हर अलेक्झांडर हा पिचर १९१५, १९१६ आणि १९१७ ह्या तिन्ही वर्षांत तीस किंवा त्याहून अधिक सामने जिंकला होता. १९१७ च्या डिसेंबरात मालकाने त्याला शिकागोला देऊन दोन सामान्य खेळाडू व रोख रक्कम घेतली. महायुद्ध चालू होते. अलेक्झांडरला सैन्यात बोलावतील आणि आपण हात चोळीत बसू, असे मालकाचे गणित होते. गणित अर्धे बरोबर आले. अलेक्झांडर १९१८ साली खरोखरच सैन्यात गेला. परंतु युद्ध संपले, तो परतला आणि १९२० साली शिकागोसाठी २७ सामने जिंकला. फिलाडेल्फियाला मात्र हरण्याहून अधिक सामने जिंकण्याचे सुख १९३२ पर्यंत लाभले नाही. हातात आलेली रोकड इतकी वर्षे पुरली नसणार, हे सांगावयास नको.

ही व्यवस्था मोडली ती खेळाडूंनी. सेंट लुईसचा कर्ट फ्लड ह्याला बारा वर्षांच्या सेवेनंतर १९६९ साली, त्याला न विचारता, फिलाडेल्फियास दिले गेले. त्याने जाण्याचे नाकारले. आपण माणूस आहोत, मर्जीप्रमाणे विकण्याची मालमत्ता नव्हे, अशा आशयाचे पत्र त्याने बेसबॉलच्या आयुक्तांना लिहिले आणि खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेला. १९७२ साली न्यायालयाने पाच विरुद्ध तीन मतांनी निकाल त्याच्या विरुद्ध दिला. फ्लडची कारकीर्द ह्या लढ्यात गेली. पण १९७५ च्या २३ डिसेंबरला पीटर साइट्झ नावाच्या लवादाने निर्णय दिला, की कराराविना एक मोसम काढलेला खेळाडू पुढे मुक्त होतो. ज्या दोघांच्या दाव्यावर हा निर्णय झाला ते अँडी मेसरस्मिथ व डेव्ह मॅकनॅली हे दोघेही पिचरच होते. पुढल्या वर्षी मालक आणि खेळाडूंची संघटना ह्यांत तडजोड होऊन सहा वर्षे सेवा झालेल्या खेळाडूस करार संपताच मुक्त होण्याचा हक्क मिळाला.

ह्या एका निर्णयाने ठेवावे की द्यावे ह्या प्रश्नाचे स्वरूप पार पालटले. आता क्लबाच्या मुठीत खेळाडू राहिला नाही. त्याची मोजकी वर्षे तेवढी राहिली. ती वर्षे संपली की तो रिकाम्या हाताने निरोप देऊन जाणार. म्हणून जो पिचर आणखी चार वर्षे आपला आहे त्याचे मोल एक, आणि जो चार महिन्यांनी सुटणार आहे त्याचे मोल दुसरे, जरी दोघांचा हात अगदी सारखा असला तरी. सीव्हरचे प्रकरण घडले ते ह्या नव्या काळाच्या अगदी उंबरठ्यावर, आणि ते जुन्या काळाच्या माणसांच्या हातून घडले.

टॉम सीव्हर न्यूयॉर्कला आला तोच मुळी दैवयोगाने. १९६६ साली अटलांटाच्या क्लबाने त्याच्याशी केलेला करार नियमबाह्य ठरला आणि त्याला घेऊ इच्छिणाऱ्या तीन क्लबांच्या चिठ्ठ्या एका टोपीत टाकण्यात आल्या. चिठ्ठी निघाली ती मेट्सची. हा क्लब तेव्हा साऱ्या देशाच्या थट्टेचा विषय होता. १९५७ नंतर न्यूयॉर्कचे दोन जुने संघ कॅलिफोर्नियाला निघून गेले, त्यांची उणीव भरून काढण्यासाठी १९६२ साली तो स्थापन झाला आणि पहिल्याच वर्षी १६० सामन्यांपैकी १२० हरला. अशा संघात हा बावीस वर्षांचा तरुण आला, १६ सामने जिंकून त्या वर्षीचा उत्कृष्ट नवोदित ठरला, आणि मुख्य म्हणजे हरण्यात मौज वाटण्याची जी सवय त्या संघाला जडली होती तिला त्याने आपल्यापुरते साफ नाकारले. १९६९ साली तो २५ सामने जिंकला व केवळ ७ हरला. आणि सर्वांच्या हसण्यावारी गेलेला तो संघ बाल्टिमोरसारख्या बलाढ्य प्रतिस्पर्ध्यास नमवून ‘वर्ल्ड सिरीज’ जिंकता झाला. उत्कृष्ट पिचरला दिले जाणारे साय यंग पारितोषिक सीव्हरने १९६९, १९७३ आणि १९७५ असे तीनदा मिळविले. न्यूयॉर्कमध्ये त्याला लोक नावाने कमी आणि ‘द फ्रँचाइज’ म्हणून अधिक ओळखत. साऱ्या क्लबाचा धंदाच त्याच्या रूपाने उभा आहे, असा त्याचा अर्थ.

१९७६ च्या वसंतात सीव्हरने तीन वर्षांचा करार केला. पगार वर्षाला २ लाख २५ हजार डॉलर. तेव्हा ती रक्कम मोठी होती. परंतु त्याच वर्षाच्या अखेरीस मुक्त झालेल्या खेळाडूंची पहिली तुकडी बाजारात आली आणि सीव्हरहून कितीतरी कमी योग्यतेच्या खेळाडूंनी त्याहून मोठे करार मिळविले. सीव्हरला हे सलले, ह्यात आश्चर्य नाही. त्याहूनही त्याला सलले ते हे, की आपला क्लब ह्या नव्या बाजारातून एकही चांगला फलंदाज आणावयास तयार नाही. मेट्सच्या पहिल्या मालकीणबाई जोन पेसन १९७५ साली वारल्या होत्या आणि कारभार अध्यक्ष डोनाल्ड ग्रँट ह्यांच्या हाती होता. हे गृहस्थ रोखेबाजारातील दलाल. खेळाडूने पगाराविषयी जाहीर बोलणे त्यांना उद्धटपणाचे वाटे, आणि मुक्त खेळाडूंची नवी व्यवस्था तर मुळीच पसंत नव्हती. त्यात ‘डेली न्यूज’ पत्रातील डिक यंग ह्या नामांकित क्रीडालेखकाने ग्रँटची बाजू घेऊन सीव्हरवर सतत टीका चालविली होती.

शेवटच्या दिवशीचा प्रकार तर नाटकातल्यासारखा आहे. सीव्हरने ग्रँटना बाजूस ठेवून पेसनबाईंच्या कन्येशी बोलणे केले आणि करार वाढविण्याचे जवळजवळ ठरले. इतक्यात यंगचा ताजा लेख आला. सीव्हरचा जुना सहकारी नोलन रायन कॅलिफोर्नियात अधिक पगार घेतो, ह्याचा सीव्हरच्या पत्नीला मत्सर वाटतो, अशा अर्थाचा मजकूर त्यात होता. घरच्या माणसाचे नाव ओढलेले पाहून सीव्हरचा संयम सुटला. बोलणी तोडा आणि मला येथून बाहेर काढा, असा निरोप त्याने क्लबास धाडला. रात्री सौदा पुरा झाला. नोलन रायनचे नाव ह्या प्रसंगी निघावे हाही योगायोगच म्हणावयाचा. कारण त्यालाही मेट्सनीच १९७१ साली जिम फ्रेगोसी नावाच्या उतरणीस लागलेल्या खेळाडूच्या बदल्यात देऊन टाकले होते, आणि तो पुढे ५,७१४ फलंदाजांना ‘स्ट्राइक’वर बाद करून त्या विक्रमाचा धनी झाला.

क्लबाच्या बाजूने बोलावयाचे तर कागदावर मुद्दे होते. सीव्हर ३२ वर्षांचा होता, आणि पिचरच्या आयुष्यात हे वय मध्यान्ह उलटल्याचे समजतात. संघ रसातळाला चालला होता. पाच दिवसांतून एकदा जिंकून देणारा माणूस त्याला वर काढू शकला नसता. करार पुढच्या वर्षी संपणार होता. म्हणजे नव्या काळाच्या रीतीने पाहिले तर विकण्याची वेळ चुकीची म्हणता येत नाही. चूक होती ती विकण्याच्या रीतीत. ज्या दुकानदाराचा माल आज रात्रीच्या आत खपलाच पाहिजे हे गिऱ्हाइकाला ठाऊक असते, त्याला भाव मिळत नाही. ग्रँट-सीव्हर भांडण महिनाभर वर्तमानपत्रांत गाजत होते. सिनसिनाटीला घाई नव्हती, मेट्सना होती.

मोबदल्यात आलेले चौघेही टाकाऊ होते असे मात्र नव्हे. पॅट झॅकरी हा पिचर मागल्या वर्षी उत्कृष्ट नवोदिताच्या बहुमानाचा सहभागी मानकरी होता. स्टीव्ह हेंडरसनचा तोच बहुमान त्या वर्षी केवळ एका मताने हुकला. डग फ्लिनने पुढे क्षेत्ररक्षणाचे मानाचे पारितोषिक मिळविले. चौथा, डॅन नॉर्मन, पुढे फारसा चमकला नाही. पण चार पावल्या मिळून जसा रुपया होतो, तशी ही बेरीज मैदानावर होत नाही. मैदानावर एका वेळी नऊच माणसे उभी राहतात. चार साधारण चांगल्या खेळाडूंना चार जागा लागतात आणि एका असामान्य खेळाडूला एकच, उरलेल्या तीन जागांवर आणखी कोणी चांगले आणता येतात. असामान्य माणूस सुटा करून मिळत नाही, हे रोखेबाजारातल्या माणसाला उमगले नसावे. झॅकरीचे दुर्दैव तर आणखी चमत्कारिक. १९७८ च्या जुलैमध्ये प्रतिस्पर्धी पीट रोझला त्याने चेंडू मारू दिला, त्या रागाच्या भरात लाथ झाडली, ती पायरीवर बसली आणि पायाचे हाड मोडून त्याचा मोसम संपला. हेंडरसनला १९८१ साली शिकागोस देऊन मेट्सनी जो खेळाडू आणला तो डेव्ह किंगमन. हा किंगमन त्याच १५ जूनच्या रात्री मेट्सनीच सॅन डिएगोला देऊन टाकलेला होता!

इकडे सीव्हर सिनसिनाटीसाठी त्या उरलेल्या मोसमात १४ सामने जिंकला व ३ हरला. पुढील वर्षी त्याने एका सामन्यात प्रतिपक्षाला एकही ‘हिट’ मिळू दिली नाही. हे यश त्याला मेट्सकडे दहा वर्षांत साधले नव्हते. तेथील सहा वर्षांत त्याच्या नावावर ७५ विजय लागले. मेट्स १९७७, १९७८ व १९७९ अशी तिन्ही वर्षे आपल्या गटात तळाशी राहिले. १९७६ साली त्यांच्या मैदानावर सुमारे १४ लाख ६८ हजार प्रेक्षक आले होते. १९७९ साली त्यांची संख्या आठ लाखांच्याही खाली गेली. रिकाम्या शे स्टेडियमला लोक ‘ग्रँटचे थडगे’ म्हणू लागले. राष्ट्राध्यक्ष ग्रँट ह्यांची समाधी न्यूयॉर्कमध्येच आहे, तिच्या नावावरचा हा श्लेष. १९७८ च्या अखेरीस ग्रँट गेले व १९८० च्या जानेवारीत क्लबच विकला गेला.

प्रेक्षकांनी पाठ फिरविली ती केवळ संघ हरत होता म्हणून नव्हे. १९६२ चा संघ ह्याहून वाईट हरत होता आणि लोक त्याला डोक्यावर घेत होते. येथे त्यांचा माणूस नेला गेला होता. आयपीएलमुळे हा अनुभव आता भारतातील प्रेक्षकांनाही नवा राहिलेला नाही. २०२३ च्या अखेरीस मुंबई इंडियन्सने हार्दिक पंड्या ह्याला गुजरातकडून परत आणून रोहित शर्माच्या जागी कर्णधार केले, तेव्हा पुढल्या मोसमात वानखेडे मैदानावर खुद्द मुंबईकरांनी आपल्याच कर्णधाराची हुर्यो केली. व्यवस्थापकाच्या दृष्टीने तो एक विनिमय होता, प्रेक्षकांच्या दृष्टीने घरातील कर्त्याचा अवमान. हिशेबाच्या वहीत ह्या दुसऱ्या गोष्टीला रकाना नसतो. पण तिची वसुली तिकिटांच्या खिडकीवर होते.

सीव्हरच्या अनुभवावरून कोणी असा निष्कर्ष काढील, की मोठा पिचर कधीच देऊ नये. तोही तितकाच भ्रामक ठरेल. १९७२ साली सेंट लुईसने पगाराच्या वादावरून स्टीव्ह कार्ल्टनला फिलाडेल्फियास दिले. त्या वर्षी फिलाडेल्फियाचा संघ अवघे ५९ सामने जिंकला आणि त्यांतले २७ एकट्या कार्ल्टनने जिंकले. पुढे त्याने चार वेळा साय यंग पारितोषिक मिळविले. हा सौदा सीव्हरच्या सौद्याचा जुळा भाऊच. रागाने केलेला आणि रागानेच फसलेला. ह्याच्या उलट सिॲटलच्या ‘मरिनर्स’ संघाची गोष्ट आहे. त्या क्लबाने दोनदा आपला सर्वांत मोठा पिचर देऊन टाकला आणि दोन्ही वेळा तो सुस्थितीत राहिला.

पहिल्या वेळी, १९८९ च्या मे महिन्यात, त्यांचा मार्क लँग्स्टन मोसम संपताच मुक्त होणार होता व तो राहणार नाही हे स्पष्ट दिसत होते. माँट्रियलचा संघ विजेतेपदाच्या आशेने आतुर होता. सिॲटलने लँग्स्टन दिला आणि तीन तरुण पिचर घेतले. त्यांत सहा फूट दहा इंच उंचीचा, चेंडू कोठे जाईल ह्याचा भरवसा नसलेला एक काटकुळा पोरगा होता. माँट्रियल त्या वर्षी जितके जिंकले तितकेच हरले आणि लँग्स्टन निघून गेला. तो काटकुळा पोरगा म्हणजे रँडी जॉन्सन. सिॲटलने त्याला वेळ दिला. चेंडूवर ताबा यावयास तीनचार वर्षे लागली, आणि १९९५ साली तो १८ सामने जिंकून व केवळ २ हरून साय यंगचा मानकरी झाला. १९९८ साली तोच प्रसंग पुन्हा आला. जॉन्सन आता ३४ वर्षांचा होता, करार संपत आला होता आणि त्या मोसमात सिॲटलसाठी त्याने जिंकल्याहून एक सामना अधिक हरला होता. ३१ जुलैला, मुदतीच्या अखेरच्या क्षणी, तो ह्यूस्टनला गेला. तेथे त्याने ११ सामन्यांत १० विजय मिळविले. तरी ह्यूस्टन पहिल्याच बाद फेरीत गारद झाले आणि जॉन्सन ॲरिझोनाला गेला. मोबदल्यात सिॲटलला मिळालेले फ्रेडी गार्सिया, कार्लोस गियेन आणि जॉन हलामा हे तिघेही २००१ च्या संघात होते, आणि तो संघ ११६ सामने जिंकला. गार्सियाचे त्यांत १८ होते. जॉन्सनचेही काही वाईट झाले नाही. त्याने ॲरिझोनात लागोपाठ चार साय यंग पारितोषिके मिळविली आणि २००१ ची ‘वर्ल्ड सिरीज’ जिंकली. सिॲटल मात्र ११६ विजयांनंतरही तेथवर पोहोचू शकले नाही, ही गोष्ट त्या सौद्याची स्तुती करणारे सहसा सांगत नाहीत.

मेट्स आणि सिॲटल ह्यांच्या व्यवहारात जो फरक आहे तो नशिबाचा थोडा आणि मनःस्थितीचा फार. सिॲटलला काय हवे ते ठाऊक होते, आणि घेणाऱ्यास निकड होती. अशी निकड असलेला घेणारा आंधळेपणाने किती देऊन बसतो, ह्याचे उदाहरण डेट्रॉइटचे. १९८७ च्या ऑगस्टमध्ये ‘टायगर्स’ संघाला विजेतेपद हातातोंडाशी आल्यासारखे दिसत होते. त्यांनी अटलांटाकडून ३६ वर्षांचा डॉइल अलेक्झांडर आणला आणि त्याच्या बदल्यात जॉन स्मोल्ट्झ हा वीस वर्षांचा, मिशिगनमध्येच वाढलेला मुलगा दिला. अलेक्झांडर नऊ सामने जिंकला, एकही हरला नाही आणि डेट्रॉइटने गट जिंकला. मग मिनेसोटाने त्यांना हरविले, त्यांतील दोन सामने अलेक्झांडरनेच गमावले. स्मोल्ट्झ अटलांटासाठी वीस वर्षे खेळला आणि २०१५ साली कूपर्सटाउनच्या कीर्तिमंदिरात त्याची निवड झाली. तरीही डेट्रॉइटला सर्वस्वी मूर्ख ठरविणे अन्यायाचे होईल. त्यांनी ज्यासाठी पैसे मोजले ते त्यांना मिळाले. किंमत मात्र आयुष्यभराची पडली.

त्याच डेट्रॉइटपुढे २०२५ च्या हिवाळ्यात हा प्रश्न उलट्या बाजूने उभा राहिला. तारिक स्कूबल ह्या त्यांच्या पिचरने २०२४ व २०२५ अशी लागोपाठ दोन वर्षे साय यंग पारितोषिक मिळविले होते, आणि २०२६ चा मोसम संपताच तो मुक्त होणार होता. एक वर्षाचा स्कूबल ठेवावा, की त्याच्या बदल्यात तीनचार होतकरू मुले घ्यावीत? सिॲटलचा दाखला देणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी होती. डेट्रॉइटचा संघ त्या दोन्ही वर्षी बाद फेरीत पोहोचलेला होता. बाद फेरीत सामने थोडे आणि विश्रांतीचे दिवस अधिक. पाचव्या दिवसाचा राजा तेथे पुष्कळ वेळा राज्य करू शकतो. जेथे विजय दृष्टिपथात आहे तेथे अशा पिचरचे एक वर्ष तीन होतकरू मुलांच्या सहा वर्षांहून मोलाचे असते. कारण होतकरू मुलांपैकी बहुतेक होतकरूच राहतात, आणि पुन्हा असा पिचर टोपीतून चिठ्ठी निघावी तसा केव्हा हाती येईल ह्याचा नेम नसतो. संघ तळाशी असता आणि स्कूबलने जाण्याचा निश्चय केलेला असता, तर मात्र त्याला ठेवणे हा हट्ट ठरला असता.

सीव्हरची गोष्ट १९७७ साली संपली नाही. नव्या मालकांनी १९८२ च्या डिसेंबरात त्याला मेट्समध्ये परत आणले. १९८३ च्या पहिल्या सामन्यात तो उंचवट्याकडे चालत निघाला तेव्हा शे स्टेडियम उभे राहिले. पण त्या काळी एक चमत्कारिक नियम होता. ज्या क्लबाचा खेळाडू मुक्त होऊन दुसरीकडे गेला असेल, त्याला भरपाई म्हणून इतर क्लबांनी राखून न ठेवलेल्या खेळाडूंतून एकाची निवड करता येई. मेट्सनी राखीव खेळाडूंची यादी केली तीत सीव्हरचे नाव घातले नाही. ३९ वर्षांचा, मोठ्या पगाराचा पिचर घेऊन कोणाला काय करावयाचे आहे, असा त्यांचा कयास होता. १९८४ च्या जानेवारीत शिकागोच्या ‘व्हाइट सॉक्स’ने त्याला उचलले. तेथे तो दोन वर्षांत ३१ सामने जिंकला. त्यांतला एक, ४ ऑगस्ट १९८५ चा, त्याच्या आयुष्यातील तीनशेवा विजय. तो न्यूयॉर्कमध्येच झाला. पण यँकी स्टेडियमवर, आणि अंगात शिकागोचा पोशाख असताना. पुढल्या वर्षाच्या मध्यास तो बोस्टनला गेला, आणि १९८६ च्या ऑक्टोबरात मेट्सनी दुसऱ्यांदा ‘वर्ल्ड सिरीज’ जिंकली ती बोस्टनला हरवून. गुडघा दुखावल्यामुळे सीव्हर त्या सामन्यांत खेळू शकला नाही. शे स्टेडियमवरच्या पाहुण्या संघाच्या कट्ट्यावर बसून त्याने ती पाहिली.